दहा सेकंद

सोमवारी दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, बालशिक्षण पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, सतरंजीवर मांडी घालून बसलेला असताना त्याने आपल्याहून चोवीस वर्षांनी लहान असलेल्या एका मुलीला 'आई' म्हणून हाक मारली. हाक कसली, शिंक यावी तसा शब्द आला आणि गेला. फरक इतकाच की शिंकेनंतर लोक रुमाल शोधतात आणि इथे तेवीस बायका-मुली आधी गप्प झाल्या आणि मग हसून हसून सतरंजीवर आडव्या झाल्या. तो सेहेचाळीस वर्षांचा होता, त्याला मिशी होती, डोक्याचा मधला भाग मोकळा झाला होता, आणि वर्गात तो एकटाच पुरुष होता. यातली कुठलीही एक गोष्ट नसती तर प्रसंग निभावला असता.

त्या दिवशी सराव पाठ होते. सराव पाठ म्हणजे होऊ घातलेल्या शिक्षकांना खऱ्या मुलांवर सोडण्याआधी एकमेकांवर सोडतात. एकीने शिक्षिका व्हायचं, बाकीच्यांनी चार-पाच वर्षांची मुलं. कुणी कुठलं मूल व्हायचं ते चिठ्ठीवर ठरे: रडणारं मूल, मध्येच उठणारं मूल, चहाड्या सांगणारं मूल, चावणारं मूल. चावणाऱ्या मुलाच्या चिठ्ठीवर 'प्रत्यक्ष चावू नये' अशी सूचना असे, आणि ती कुणाच्या तरी अनुभवातून आलेली असणार. रडणाऱ्या मुलाला सगळ्यांत जास्त मागणी, कारण घरी राहून गेलेलं रडणं तिथे उरकता येई आणि वर त्याचे गुण मिळत. 'गप्प मूल' मात्र कुणालाच नको असे. त्यात करण्यासारखं काही नव्हतं. ती चिठ्ठी हातोहात फिरत शेवटी त्याच्याकडे यायची. दीड वर्षात तो चौदा वेळा गप्प मूल झाला होता, आणि इतकं खरं गप्प मूल दुसऱ्या कुणाला जमत नाही असा त्याचा लौकिक होता. माणसाचा कशाकशात लौकिक होईल सांगता येत नाही.

पाठ कुरळीचा होता. कुरळी वर्गात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हुशार; केसांवरून हे नाव पडलेलं, आणि ते तिला आवडत नाही हे माहीत असल्यामुळे टिकलेलं. पाठाचा विषय 'लहान-मोठं'. तिने एक कोटाचं बटण आणि एक शर्टाचं बटण तळहातावर ठेवून त्याच्यासमोर धरलं. "सांग बरं बाळा, मोठं कुठलं?" तो चिठ्ठीला जागून गप्प. मग पुस्तकात लिहिलंय तसं ती गुडघ्यांवर बसली, डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणले, एक हात हलकेच त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि थांबली. गप्प मुलाला प्रश्न विचारला की दहा सेकंद थांबायचं; दुसरा प्रश्न विचारायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, असा नियम आहे. बाकीच्या हे थांबणं तीन सेकंदांत आटपत. कुरळी खरोखर थांबली. पहिले चार सेकंद त्याला गंमत वाटली. पाचव्याला तिच्या बोटांवरच्या खडूचा वास आला. सहाव्याला असं वाटलं की कुणीतरी आपल्या खोलीतला दिवा विचारल्याशिवाय लावला आहे. सातव्याला त्याच्या लक्षात आलं, की आपण काहीतरी बोलावं म्हणून इतका वेळ कुणी ताटकळल्याचं आपल्याला आठवत नाही. आठव्या सेकंदाला शब्द बाहेर पडला होता.

हसणं ओसरेना तेव्हा मागच्या बाकावरून विभागप्रमुख उठल्या. त्यांना सगळे टाळी मॅडम म्हणत. दोन संथ, तीन जलद अशा टाळ्या वाजवून त्या कुठलाही वर्ग शांत करत आणि एकदा कार्यालयातल्या भांडणातही त्यांनी तेच केलं होतं. टाळ्या झाल्या. "यात हसण्यासारखं काय आहे?" टाळी मॅडम म्हणाल्या आणि स्वतः थोड्या हसल्या. "लहान मूल शिक्षिकेला चुकून आई म्हणतं ही अतिशय स्वाभाविक गोष्ट आहे. विश्वासाचं लक्षण आहे. असा क्षण आला की तो जपायचा असतो. लिहून घ्या." तेवीस जणींनी लिहून घेतलं. त्याने स्वतःही लिहून घेतलं, कारण सगळे लिहीत असताना न लिहिणं जास्त दिसलं असतं.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी कुरळी आली. "काका, रागावू नका हं. पण मी बावीस वर्षांची आहे हो. निदान ताई तरी म्हणायचं."

"तू इतका वेळ थांबलीस कशाला?" तो म्हणाला.

"नियम आहे."

"नियम सगळ्यांना माहीत आहे. पाळतं कोण?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या वडिलांच्या वयाच्या माणसाने तिला खिसा कापायला शिकवलं. मग ती गेली, आणि नळाशी उरलेल्या दोघींपैकी एक दुसरीला म्हणाली, "बाळकाकांना पाणी पाजायचं राहिलं." हे नाव संध्याकाळपर्यंत पक्कं झालं. त्याला त्या दोघींचा राग आला नाही. राग आला तो कुरळीचा; दार वाजवून पळून जाणाऱ्या पोरांचा येतो तसा.

रागाचं त्याला तसं वावडं होतं. एकोणीस वर्षं तो टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात होता. रोज ऐंशी-नव्वद माणसं त्याच्या कानात ओरडत आणि तो म्हणे, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." एकोणीस वर्षांत तो बोलला असेल ते बहुतेक हेच वाक्य. मग कंपनीने त्याच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज बसवला. आवाज बाईचा होता, गोड होता, तिला रजा नको होती. आणि तिला राग येत नाही असं साहेबांनी कौतुकाने सांगितलं तेव्हा, मला तरी कुठे येत होता, असं म्हणायचं त्याच्या मनात आलं होतं, पण तोपर्यंत खुर्ची गेली होती. बायको म्हणाली, "माणसांच्या तक्रारी ऐकल्यास, आता पोरांच्या ऐक. त्यांचे आवाज तरी लहान असतात." हे तिने विनोदाने म्हटलं होतं. त्याने अर्ज आणला. वयाची अट नव्हती, आणि फॉर्मवर 'हा अभ्यासक्रम का निवडला' या प्रश्नापुढे एकच ओळ सोडलेली होती, तेव्हा खरं कारण कुणालाच नको असावं. त्याने लिहिलं: 'घरची परंपरा.' ते खोटं नव्हतं. म्हणून तर ते लिहिताना हाताला घाम आला होता.

घरी बाई होत्या. म्हणजे त्याची आई. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेल्या. आता गुडघे गेलेले, ऐकू मात्र नको तितकं येणारं. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून त्या दिवसभर खालच्या रस्त्याला शिस्त लावत. उठताना मात्र दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून दर वेळी म्हणत, "आई गं!" दिवसातून बारा-पंधरा वेळा. ते उठण्याचाच आवाज असल्यासारखं घरात कुणाला वेगळं ऐकू येत नसे. तो त्यांना बाई म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटलं, या घरची रीत असेल. तिने पहिल्याच दिवशी त्यांना 'आई' म्हटलं, सहज, काही न मोजता, आणि बाईंनी ओ दिली. पुढे कधीतरी भांडणात तिने विचारलं होतं, "तू स्वतःच्या आईशी बँकेत आल्यासारखा का बोलतोस रे?" तो म्हणाला होता, "सवय." सवयीला कारण विचारत नाहीत, हा सवयीचा मोठा फायदा.

"काय शिकवलं आज?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या रोज विचारत, आणि उत्तर आवडणार नाही याची त्यांना खात्री असे.

"लहान-मोठं."

"सेहेचाळिसाव्या वर्षी?"

"शिकवायचं कसं, ते शिकवतात, बाई."

"त्यात काय शिकवायचंय? मोठं दाखवायचं, लहान दाखवायचं. जो चुकेल त्याला उभं करायचं."

"आता उभं करत नाहीत. आता थांबतात. प्रश्न विचारून दहा सेकंद थांबायचं."

बाईंनी हिशेब केला. बाईंचा तोंडी हिशेब अजून वाघासारखा होता. "माझ्या वर्गात बासष्ट पोरं. सहाशेवीस सेकंद. तीन प्रश्नांत तास संपला. उत्तरं कधी तपासायची?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आई, बासष्ट मुलं एकाच वेळी गप्प बसतात होय?"

"माझ्या वर्गात बसत," बाई म्हणाल्या, आणि उठल्या. "आई गं!"

त्या दिवशी त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं. चहाचा कप त्याच्या हातात होता आणि कपाची कड दाताला लागली. समोरच्या वरच्या दातांपैकी डावा. दुधाचा तो दात पडून चाळीस वर्षं झाली होती, त्याच्या जागी आलेलाही आता हलायला लागण्याच्या बेतात होता, पण जीभ तिथे गेली ती सहा वर्षांच्या मुलाची. शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती आणि वाटेत एक पाण्याची टाकी होती, गोल, सिमेंटची, हिरवट ओल धरलेली. टाकीपर्यंत ती आई असे. तिचा हात त्याच्या हातात असे, हाताला साबणाचा वास असे, आणि ती चालता चालता त्याला दुकानांवरच्या पाट्या वाचायला लावी आणि चुकला तर हसे. टाकी आली की हात सुटे. टाकीच्या पलीकडे त्या बाई. पलीकडे चार पावलं मागून चालायचं, बाकीच्या मुलांसारखं. "शाळेत मी सगळ्यांची बाई. तुझी एकट्याची कुणी नाही. कळलं?" त्याला कळलं होतं. त्याला सगळंच लवकर कळे, ही त्याची पहिल्यापासूनची खोड. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं अशी जगाची रीत. बाईंनी ती उलटी करून ठेवली होती. इतरांनी शाई सांडली तर पुसायला फडकं, त्याने सांडली तर दोन पट्ट्या. इतरांचा पाढा अडला तर पुढचा आकडा मिळे, त्याचा अडला की वर्गात इतकी शांतता होई की खालच्या वर्गातली कविता ऐकू येई, आणि मग बाई म्हणत, "बस. येत नाही याला." थांबण्याचा प्रश्नच नव्हता. थांबल्या असत्या तर लोक म्हणाले असते, पोटच्या पोरासाठी थांबतात. पोरांनी त्याला त्रास दिला नाही, उलट जपलं. वर्गात कुणीतरी आपल्यापेक्षा खालचा आहे याचा सगळ्यांना आधार वाटत असावा.

मग तो दात. तोंडी गणितं चालली होती आणि तो दात जिभेने ढकलत होता, आणि दात एकदम हातात आला, आणि त्याबरोबर रक्त. इतकं रक्त आपल्यात आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो उठला आणि बाकांमधून पळत सुटला आणि जाऊन त्याने बाईंच्या साडीत तोंड खुपसलं आणि म्हणाला, "आई!" बासष्ट पोरं हसली. त्या हसण्याला एक भिंत होती, उंच, वरून काचा लावलेली. त्याने वर पाहिलं. वरून हात येईल असं त्याला वाटलं. हात आला, पण तो खांद्याला धरून त्याला अंतरावर उभं करण्यासाठी. साडीवर लाल डाग होता. खडू हातात तसाच. बाई त्याच्याकडे पाहतच नव्हत्या, दाराकडे पाहत होत्या, आणि त्यांचा आवाज स्वच्छ, वर्गाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा: "इथे तुझी आई कुणी नाही. जागेवर जा." हसणं जागच्या जागी थांबलं. नळ बंद करावा तसं. तो जागेवर गेला. दात मुठीत. संध्याकाळी टाकीपाशी हात पुढे आला. तिला द्यायच्या त्याच्या हातात दात होता, आणि त्याने मूठ उघडली नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "बाई, पाणी द्या." त्या हसल्या. पोराला थट्टा सुचते म्हणून कौतुकही केलं असावं. पाणी दिलं. थट्टा चाळीस वर्षं चालली.

गुरुवारी शेवटचा पाठ होता, खऱ्या मुलांवर, खऱ्या शाळेत. हा त्याचा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी तो एक कापडी मांजर घेऊन गेला होता. मांजर पहिल्या मिनिटाला पळवलं गेलं, दोन मुलं टेबलाखाली राहायला गेली, एकाने खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना बोलावलं, आणि हे सगळं चालू असताना तो सौम्यपणे हसत मध्ये उभा होता, कारण पुस्तकात लिहिलं होतं की शिक्षकाचा चेहरा सौम्य असावा. मूल्यमापन पत्रकावर टाळी मॅडमनी लिहिलं: 'मुले आनंदी होती. शिक्षक कुठे होते?' आणि खाली, 'वर्गनियंत्रण: अपुरे. अनुत्तीर्ण.' दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास नाव कमी करतात. जूनपासून एका शाळेने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं, पदविका दाखवली तर. नाव कमी झालं तर दाखवायला एक मिशी उरली होती. तो बुधवारी दिवसभर टाचण लिहीत बसला. टाचणात दोन रकाने असतात: डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे अपेक्षित प्रतिसाद. डावीकडे 'दोन ग्लास दाखवून, पाणी कशात जास्त, असे विचारेल'. उजवीकडे 'मुले बोट दाखवतील'. मुलांना न भेटता मुलं काय म्हणतील हे लिहून ठेवायचं, आणि मुलं तसं म्हणाली तर पाठ चांगला. तक्रार विभागातही असंच होतं. फक्त तिथे उजव्या रकान्यात शिव्या असत.

"यात सगळीच पोरं शहाणी दिसतात," बाई त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाल्या.

"आदर्श टाचण आहे."

"आणि पाणी सांडलं तर?"

"तसा रकाना नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "पाणी सांडणारच. पाण्याला काय टाचण वाचता येतं?"

शाळेतल्या नेहमीच्या शिक्षिकेने गुरुवारी वर्ग ताब्यात देताना दारातच सांगितलं, "ती दोन क्लिपांवाली. तिच्या नादी लागू नका. ती बोलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाही. घरी पोपटासारखी बोलते म्हणे, इथे पाच महिने झाले, हूं नाही की चूं नाही. तुमचे गुण जातील उगाच." आणि मोकळी होऊन ती चहाला गेली.

दोन क्लिपांवाली पुढच्या रांगेत टोकाला बसली होती. पाय जुळवून, हात मांडीवर. त्याने तिला पाहिलं आणि त्याला तिची अक्षरशः चीड आली. गर्दीत आपल्यासारखाच शर्ट घातलेला माणूस दिसला की येते तशी. चौदा वेळा वठवलेली भूमिका, आणि ही किती सहज करत होती. मागे टाळी मॅडम छोट्या खुर्चीत मोठ्या मानाने बसल्या, शेजारी सहाध्यायी निरीक्षक म्हणून कुरळी, दोघींच्या मांडीवर पत्रकं. त्याने पाठ सुरू केला. आणि काय आश्चर्य, तो जमायला लागला. मुलांनी पाणी ओतलं, बोटं दाखवली, 'जास्त' म्हणाली, 'कमी' म्हणाली, उजवा रकाना ओळीने खरा होत गेला. पुढे जायला हरकत नव्हती. पण त्याला काय झालं कोण जाणे. कदाचित कुरळी बघत होती म्हणून. कदाचित तिला दाखवायचं होतं की थांबणं काही तिची मक्तेदारी नाही. तो दोन ग्लास घेऊन टोकाला गेला, गुडघ्यांवर बसला, गुडघे वाजले, आणि त्याने विचारलं, "पाणी जास्त कशात आहे?" आणि थांबला.

एक, दोन. ती ग्लासांकडे पाहत होती. तीन, चार. मागे कुणीतरी कुजबुजलं, 'तिला येत नाही.' पाच. तिच्या गालावर झोपेतल्या उशीची रेघ होती. सहा, सात. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बावरला, कारण त्या नजरेत भीती नव्हती, एक प्रकारची चौकशी होती, की हा अजून इथेच कसा. आठव्याला तिचा हात भरलेल्या ग्लासाकडे निघाला. नवव्याला ग्लास लागला, कलंडला, आणि सगळं पाणी तिच्या फ्रॉकवर, मांडीवर, मोज्यांत. ती दचकून उठली आणि समोर जे होतं त्यात, म्हणजे त्याच्या शर्टात, तिने तोंड खुपसलं आणि म्हणाली, "आई!"

पाच महिन्यांतला पहिला शब्द. आवाज जाडसर होता, अपेक्षेपेक्षा मोठा. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पोरं हसली. मिशीवाल्या माणसाला आई! एक उठून नाचायला लागला, दोघे टेबलाखाली गेले, कुणीतरी 'आई, आई' असा ताल धरला, मागे पत्रकावर पेन टेकल्याचा आवाज झाला. त्याच्या शर्टातून ओल आत येत होती. तिचं डोकं गरम होतं. असा क्षण जपायचा असतो, हे त्याच्याच अक्षरात त्याच्या वहीत होतं. त्याने दाराकडे पाहिलं. का पाहिलं ते त्याला सांगता आलं नसतं, दारात कुणी नव्हतं. त्याचा हात तिच्या खांद्यावर गेला आणि तिला अंतरावर उभं करून मोकळा झाला, आणि आवाज आला, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, त्याला स्वतःत कधी न सापडलेला आवाज: "इथे तुझी आई कुणी नाही. जागेवर जा."

वर्ग थांबला. नळ बंद करावा तसा. टेबलाखालचे दोघे आपण होऊन बाहेर आले आणि त्यांनी हाताची घडी घातली. मग सगळ्यांनीच घातली. दोन क्लिपांवाली जागेवर गेली. ओल्या फ्रॉकची घडी तिने नीट मांडीखाली सारली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसली. रडली नाही. उरलेली अकरा मिनिटं पाठ टाचणाप्रमाणे झाला. शेवटच्या प्रश्नाला तर एकोणीस बोटं एकाच वेळी उठली, फक्त विसावं नाही.

टाळी मॅडमनी पत्रक लगेच हातात दिलं. इतकं चांगलं पत्रक त्यांना कुणाला रोज देता येत नसावं. 'वर्गनियंत्रण: उत्कृष्ट. प्रसंगावधान: उत्कृष्ट. आवाजाची फेक: लक्षणीय प्रगती.' आणि शेरा: 'पाच महिने अबोल असलेल्या मुलीस बोलते केले. अभिनंदन.' त्या म्हणाल्या, "बघा, तुमच्यात होतं. बाहेर यायला वेळ लागला इतकंच." कुरळी दारापाशी उभी होती. तिने स्वतःचं निरीक्षणपत्रक चार घड्या करून पर्समध्ये टाकलं.

"तू काय लिहिलंस?" त्याने विचारलं.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ काय? दहापैकी?"

"सेकंद. एक राहिला होता, सर." काका नाही, बाळकाका नाही. ती निघून गेली, आणि त्याला वाटलं की हिला एक सणसणीत उत्तर द्यावं, आणि त्याच्याजवळ आता तसा आवाजही होता, पण वाक्य एकच होतं.

घरी तो पाच वाजता पोचला. बायको कामावरून यायची होती. बाई खिडकीशी. त्याने पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं, पाठीमागची कोरी बाजूही पाहिली.

"पाणी सांडलं?"

"सांडलं."

"हं. मग बोलती कशी केलीस?"

त्याने सांगितलं. तक्रार नोंदवावी तसं, वेळेसकट, आवाज न चढवता. ग्लास, फ्रॉक, शर्ट, हसणं. वाक्य आलं तेव्हा तो क्षणभर अडला, आणि मग तेही सांगितलं, शब्दाला शब्द. बाई खाली रस्त्याकडे पाहत होत्या. रस्त्यावर शिस्त लावण्यासारखं खूप चाललं होतं, पण त्यांनी ती कुणालाच लावली नाही. मग म्हणाल्या, "रडली का?"

"नाही."

"तूही नव्हता रडलास."

चाळीस वर्षं त्याने धरून ठेवलं होतं की त्यांना आठवत नसणार. त्यावर त्याने बरंच काही बांधलं होतं. "म्हणजे आठवतंय तुम्हाला," तो म्हणाला.

"साडी दोनदा भिजत घातली. डाग गेला नाही." मग, रस्त्याकडेच पाहत, "हेडमास्तर दारात उभे होते. मी तेव्हा कायम झाले नव्हते."

"माझ्याही मागे मॅडम बसल्या होत्या."

"मग कळलं असेल तुला."

"कळलं."

"मग झालं तर." त्यांनी पत्रकाची घडी केली आणि ते त्याला परत दिलं. "माफी मागेन असं वाटलं असेल तर विसर. मी मागितली तर तुलाही त्या पोरीकडे जावं लागेल. जाशील?"

तो बोलला नाही. चौदा वेळा सराव केलेला होता.

"नाही ना? मग मला काय बघतोस?" बाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, जोर लावला, चेहरा आक्रसला, आणि त्या अर्ध्या उठल्या. "आई गं!"

आणि त्याच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. दुपारीच वापरलेलं, अजून ऊन. ते जिभेवर कसं पूर्ण मावतं, डाव्या दातामागे कुठे टेकतं, हे त्याला लख्ख कळत होतं. ओठ उघडायचा अवकाश. बाई अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. गुडघे थरथरत होते. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, छत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाकडे पाहिलेल्या डोळ्यांनी, कुणाच्या तोंडात काय आहे हे ओळखणाऱ्या.

"म्हण," त्या म्हणाल्या. "म्हण ना. पाठ झालंय तुला."

त्याचा हात पुढे झाला होता. मदतीला की अंतरावर उभं करायला, हे हातालाही ठरवता आलेलं नव्हतं. बाईंनी तो धरला नाही. पण खाली बसल्याही नाहीत. प्रश्न विचारून झाला होता. खुर्चीचा एक हात करकरला. नियमाप्रमाणे आता घड्याळाकडे बघायचं नव्हतं, आणि दोघांनाही नियम माहीत होता. तो मनात मोजत होता. त्यांच्या ओठांवरून दिसत होतं की त्याही मोजताहेत. सातपर्यंत दोघांपैकी कुणीच काही बोललं नव्हतं.